उच्चार न करता जपलेले नाव

अलिबाग तालुक्यातल्या खंडाळे गावाजवळ एक खडक आहे. त्यावरच्या खुणा एलियाहू हन्नाबीच्या रथाच्या, अशी कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी समाजाची श्रद्धा. हिब्रू पंचांगातल्या शेवात महिन्याच्या पंधराव्या दिवशी या पैगंबराचा उरूस भरतो. गोड पोहे, खोबरे आणि फळे घालून मलिद्याचे ताट मांडले जाते, हिब्रू प्रार्थना होते, नवस बोलले आणि फेडले जातात. या दिवसाला 'तू बिश्वात' म्हणतात. त्यातला 'तू' म्हणजे पंधरा. हिब्रू परंपरेत आकडे अक्षरांनी लिहितात. पंधरा लिहायचे तर दहासाठी 'योद' आणि पाचासाठी 'हे' ही अक्षरे जोडायला हवीत. पण ती जोडली की देवाच्या चार अक्षरी नावाची पहिली दोन अक्षरे तयार होतात. हिशेबाच्या कागदावर, तारखेच्या रकान्यात ते नाव येऊ नये म्हणून यहुदी लोक पंधरा हा आकडा नऊ आणि सहा असा मोडून लिहितात : 'तेत' आणि 'वाव'. त्यातूनच 'तू' आला. सोळाचेही तसेच, तिथे नऊ आणि सात.

देवाचे नाव इतके जपायचे की तारखेतसुद्धा त्याला धक्का लागू नये, ही वृत्ती नाशिकच्या वाचकाला पहिल्या क्षणी अनोळखी वाटेल. आपले गाव नामघोषाचे. टाकळीला नंदिनी आणि गोदावरीच्या संगमावर समर्थ रामदासांनी बारा वर्षे तेरा अक्षरी राममंत्राचा जप केला, ही परंपरा इथे लहानपणीच कानावर पडते. नाव जितके घ्यावे तितके थोडे, हा आपला संस्कार. यहुदी धर्मातही देवाचे नाव हेच सर्वांत मोठे धन आहे. पण ते धन त्यांनी ओठांवर न आणता सांभाळले. हे का झाले, कधी झाले, त्या नावाचे पुढे काय झाले आणि आपल्याच कोकणात, आपल्याच भाषेत राहणाऱ्या यहुदींनी ते कसे जपले, याचा हा आढावा.

नाव आणि त्याचा अर्थ

हे नाव चार हिब्रू अक्षरांचे आहे : योद, हे, वाव, हे. लिपी उजवीकडून डावीकडे चालते. हिब्रू बायबलात हे नाव सुमारे ६,८०० वेळा येते; देवासाठीचा दुसरा कोणताही शब्द इतक्या वेळा येत नाही. जुन्या हिब्रू लेखनात स्वरचिन्हे नव्हती. वाचणाऱ्याला भाषा येत असे, म्हणून व्यंजने पुरत. पुढे हीच गोष्ट निर्णायक ठरली.

नावाचा संबंध 'असणे', 'होणे' या अर्थाच्या धातूशी जोडला जातो. निर्गम ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात मोशे जळत्या पण न जळून जाणाऱ्या झुडपासमोर उभा राहून देवाला नाव विचारतो, आणि उत्तर त्याच धातूतून येते. जो आहे आणि असणार आहे, असा त्याचा रोख. नंतरच्या धर्मशास्त्राने त्यात तिन्ही काळ पाहिले : होता, आहे, असेल. सोळाव्या शतकातला 'शुल्हान आरूख' हा आचारग्रंथ सांगतो, की प्रार्थनेत हे नाव आले म्हणजे मुखाने पर्यायी शब्द म्हणताना मनात तिन्ही काळ व्यापणाऱ्या अस्तित्वाचे भान ठेवावे.

बाराव्या शतकातला तत्त्ववेत्ता मोशे बेन मैमोन ऊर्फ मायमोनिडीस (११३८–१२०४) याने आपल्या 'मार्गदर्शक' ग्रंथात या नावाचे स्थान नेमके सांगितले. देवाची बाकीची नावे त्याच्या कृतींवरून पडलेली आहेत : तो न्याय करतो, दया करतो, सामर्थ्य दाखवतो. ही चार अक्षरे मात्र कोणत्याही कृतीचा आधार न घेता थेट त्याच्या स्वरूपाकडे निर्देश करतात. म्हणून बाकीची नावे गुणवाचक, आणि हे एकच खास त्याचे.

जेव्हा हे नाव सर्रास घेतले जाई

हे नाव आरंभापासून अनुच्चारित होते, असा समज आहे. पुरावा उलट सांगतो. मवाबचा राजा मेशा याने इ. स. पूर्व नवव्या शतकात कोरवलेला शिलालेख १८६८ मध्ये जॉर्डनमधल्या धिबान इथे सापडला. आज तो पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. इस्राएलच्या शत्रूने लिहिलेल्या या लेखात ती चारही अक्षरे स्पष्ट वाचता येतात. जेरुसलेमजवळ केतेफ हिन्नोम इथे १९७९ मध्ये गॅब्रिएल बार्काय यांना एका थडग्यात चांदीच्या दोन छोट्या गुंडाळ्या मिळाल्या. गळ्यातल्या ताइतासारख्या वापरलेल्या या पत्र्यांवर गणना ग्रंथातल्या याजकांच्या आशीर्वादाचे शब्द आहेत, आणि त्यांत हे नाव आहे. लाखीश इथे सापडलेल्या, बाबिलोनच्या स्वारीच्या सुमारास खापरांवर लिहिलेल्या लष्करी पत्रांत तर हे नाव साध्या क्षेमकुशलात येते. रूथच्या गोष्टीत बवाज आपल्या शेतावरच्या कापणीवाल्यांना याच नावाने अभिवादन करतो.

म्हणजे एके काळी शेतकरी, सैनिक आणि कारकून हे नाव घेत होते. ते माणसांच्या नावांतही मिसळले होते. यशया, यिर्मया या नावांच्या शेवटी त्याचाच अंश आहे. 'हालेलूया' या जगभर पोचलेल्या शब्दाच्या अखेरीसही तोच. आणि खंडाळ्याला ज्याचा उरूस भरतो त्या एलियाहूच्या नावाचा अर्थच मुळी त्या चार अक्षरांच्या देवाशी बांधलेला आहे : 'तोच माझा देव'.

मौनाकडे

बदल एका दिवसात झाला नाही. दहा आज्ञांपैकी एक आज्ञा देवाचे नाव व्यर्थ घेऊ नये असे बजावते. लेवीय ग्रंथाच्या चोविसाव्या अध्यायात नावाची निंदा करणाऱ्याला देहदंड सांगितला आहे. या दोन्ही ठिकाणी उच्चाराला सरसकट बंदी नाही. पण बाबिलोनच्या बंदिवासातून परतल्यानंतर, दुसऱ्या मंदिराच्या काळात, सावधगिरी वाढत गेली. मृत समुद्राकाठच्या कुमरान इथल्या काही गुंडाळ्यांत बाकीचा मजकूर चालू लिपीत, पण हे नाव मुद्दाम प्राचीन लिपीत आहे. काही ठिकाणी नावाच्या जागी फक्त चार ठिपके आहेत. ग्रीक भाषांतराच्या काही सर्वांत जुन्या तुकड्यांत ग्रीक मजकुराच्या मध्येच हिब्रू अक्षरे जशीच्या तशी ठेवली आहेत. पुढच्या प्रतींत तिथे 'प्रभू' या अर्थाचा 'क्युरिओस' आला.

मंदिरात याजक आशीर्वाद देताना नाव जसे लिहिले तसे उच्चारत आणि मंदिराबाहेर पर्यायाने, असे मिश्ना हा धर्मसंहितेचा ग्रंथ नोंदवतो. वर्षातून एकदा, योम किप्पूरला, महायाजक लोकांच्या पापांची कबुली देताना ते नाव स्पष्ट उच्चारी, आणि अंगणात जमलेले लोक ते ऐकताच दंडवत घालत. योम किप्पूर म्हणजे कोकणच्या बेने इस्राएलांचा 'दारफाळणीचा सण'. दारे लावून, पांढरे कपडे घालून, दिवसभराचा कडक उपवास करून पाळायचा. त्या दिवसाच्या प्रार्थनेत आजही महायाजकाच्या त्या विधीचे वर्णन वाचले जाते. ते नाव मात्र कोणी घेत नाही.

इ. स. ७० मध्ये रोमन सैन्याने जेरुसलेमचे मंदिर पाडले. ज्या एका जागी नाव घेतले जाई, ती जागा गेली. तालमूद या धर्मग्रंथात नोंद आहे, की विद्वान आपल्या योग्य शिष्यांना हा उच्चार सात वर्षांतून एखाददुसऱ्या वेळी सांगत. गुरूकडून शिष्याच्या कानात जाणारी ही वाट हळूहळू अरुंद होत गेली आणि बुजली. मिश्नाने अब्बा शाऊल या आचार्याचे मत टिपून ठेवले : जो हे नाव त्याच्या अक्षरांप्रमाणे उच्चारतो त्याला परलोकात वाटा नाही.

यामागे कारणे एकाहून अधिक होती. त्या काळच्या पूर्व भूमध्य जगात मंत्रतंत्र आणि ताईत यांत देवतांची नावे सर्रास वापरली जात. ग्रीक जादूच्या कागदांत या नावाची रूपेही आढळतात. पवित्र नाव बाजारात विकले जाऊ नये, ही धास्ती खरी होती. पण केवळ धास्तीने दोन हजार वर्षांची शिस्त टिकत नाही. तिच्या मुळाशी आदर आहे. आपल्या घरांत वडिलांना नावाने हाक मारत नाहीत, तसाच यहुदी आचार सांगतो, की मुलाने बापाला आणि शिष्याने गुरूला नावाने संबोधू नये. जवळीक आहे म्हणूनच नाव घेणे टाळायचे. देवाच्या बाबतीत हा नियम टोकापर्यंत नेला गेला, इतकेच.

प्रार्थनेत आणि ग्रंथवाचनात आज या अक्षरांच्या जागी 'अदोनाय' म्हणजे 'माझा प्रभू' असे म्हणतात. रोजच्या बोलण्यात तोही शब्द टाळून नुसते 'हाशेम', म्हणजे 'ते नाव', असे म्हणतात.

यहोवा आणि याहवे

मराठी वाचकाच्या ओळखीचे 'यहोवा' हे रूप आले कुठून, हा प्रश्न इथे येतोच. इ. स. सहाव्या ते दहाव्या शतकांत मसोरेत नावाच्या विद्वानांनी हिब्रू बायबलाला स्वरचिन्हे जोडली. मजकुराच्या एका अक्षराला हात लावायचा नाही, हे त्यांचे व्रत. म्हणून त्यांनी चार व्यंजने तशीच ठेवली आणि वाचणाऱ्याने 'अदोनाय' म्हणावे याची आठवण म्हणून त्या शब्दाचे स्वर तिथे लावले. ही खूण ज्यांना माहीत नव्हती त्या मध्ययुगीन युरोपातल्या ख्रिस्ती वाचकांनी व्यंजने आणि स्वर एकत्र वाचले. तेराव्या शतकापासून लॅटिन ग्रंथांत हे मिश्र रूप दिसते. १५३० मध्ये विल्यम टिंडेलच्या भाषांतरातून ते इंग्रजीत आले, आणि १६११ च्या राजा जेम्सच्या बायबलातही मोजक्या ठिकाणी राहिले. एकाची व्यंजने आणि दुसऱ्याचे स्वर यांतून झालेला हा शब्द कोणत्याही यहुदी प्रार्थनेत कधी म्हटला गेला नाही.

'याहवे' ही विद्वानांनी केलेली पुनर्रचना. तिचा आधार दोन गोष्टींवर : प्राचीन ग्रीक ख्रिस्ती लेखकांनी टिपलेले उच्चार, आणि माणसांच्या नावांत शिल्लक राहिलेले अंश. पाचव्या शतकातल्या थिओडोरेटने शोमरोनी लोकांचा उच्चार 'याबे' असा नोंदवला. एकोणिसाव्या शतकात जर्मन हिब्रूतज्ज्ञांनी, विशेषतः विल्हेल्म गेसेनियसने, हे रूप पुढे आणले, आणि आज अभ्यासक बहुधा तेच स्वीकारतात. तरी तो तर्क आहे, ऐकीव परंपरा नव्हे. यहुदींच्या दृष्टीने तर तो बरोबर असला तरी म्हणायचा नाही. २००८ मध्ये व्हॅटिकननेही हे रूप कॅथलिक उपासनेत आणि गीतांत वापरू नये असे पत्र काढले, आणि त्यात यहुदी परंपरेचा हवाला दिला.

मराठीतही हे सारे प्रवाह पोचले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर चर्च मिशनरी सोसायटीने वसवलेल्या नाशिकच्या शरणपूरसारख्या ख्रिस्ती वस्त्यांमुळे बायबल इथे मराठीतून वाचले जाऊ लागले. बायबल सोसायटीच्या आजच्या मराठी 'पवित्र शास्त्रा'त चार अक्षरांच्या जागी 'परमेश्वर' आहे आणि देवासाठीच्या 'एलोहीम' या दुसऱ्या हिब्रू शब्दाच्या जागी 'देव'. यहोवाचे साक्षीदार हा पंथ मात्र आपल्या मराठी साहित्यात 'यहोवा' हेच रूप आग्रहाने वापरतो. नाव लोकांपर्यंत पोचले पाहिजे ही त्यांची भूमिका. तिचा मान राखूनही सांगायला हवे, की ज्या समाजाकडून हे नाव जगाला मिळाले त्याची रीत वेगळी आहे.

कोकणातली साक्ष

या विषयावरच्या बहुतेक लेखनात पोथ्या, शिलालेख आणि कोश असतात. महाराष्ट्राची साक्ष वेगळी आहे, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते.

बेने इस्राएलांची परंपरा सांगते, की त्यांच्या पूर्वजांचे गलबत चौल बंदराच्या परिसरात फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागल्या. सारे ग्रंथ समुद्रात गेले. ही माणसे कोकणात तेल गाळू लागली आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून 'शनिवार तेली' म्हणवली गेली. पेणकर, नवगावकर, किहीमकर, दिवेकर अशी गावांवरून आडनावे लागली. भाषा मराठी झाली, बायकांचे लुगडे मराठी झाले. पोथी नव्हती, पण सुंता, शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा, खाण्याचे काही निर्बंध आणि 'शेमा' एवढे राहिले. शेमा म्हणजे देव एकच आहे हे इस्राएलला ऐकवणारी छोटी प्रार्थना. जन्म, सुंता, लग्न, मृत्यू, प्रत्येक प्रसंगी ती म्हटली जाई. हाईम सॅम्युएल किहीमकर (१८३०–१९०८) यांनी आपल्या समाजाचा इतिहास लिहून ठेवला. तो १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला.

शेमाच्या त्या एका ओळीत चार अक्षरांचे नाव दोनदा येते, आणि दोन्ही वेळा मुखातून निघते 'अदोनाय'. याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. जगातल्या इतर यहुदींच्या डोळ्यांपुढे लिहिलेले नाव असे आणि ओठांवर पर्याय. वाचताना डोळे एक पाहत आणि तोंड दुसरे म्हणे, त्यातून नावाचे भान रोज जागे राही. कोकणच्या तेल्याच्या घरात डोळ्यांपुढे काहीच नव्हते. तरीही, पुस्तक नसताना, शिकवणारा नसताना, राजाश्रय नसताना, परंपरेचे ऐकायचे तर शतकानुशतके, तो शब्द आईबापांकडून मुलांकडे गेला. माझ्या मते या नावाच्या साऱ्या इतिहासात यापेक्षा मोठा पुरावा नाही, की आदर हा कागदावर अवलंबून नसतो. मौनसुद्धा तोंडपाठ करता येते.

पुढे दावीद राहबी नावाच्या विद्वानाने या समाजाला पुन्हा हिब्रूशी जोडले, असे परंपरा सांगते. त्याच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. १७९६ मध्ये इंग्रजी फौजेतले सॅम्युएल इझिकेल ऊर्फ सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत 'शार हारहमीम', म्हणजे दयेचे द्वार, हे समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. कोचीनचे यहुदी शिक्षक आले. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. हेतू धर्मप्रसाराचा होता, पण समाजाने त्याचा उपयोग आपला धर्म नीट कळून घेण्यासाठी केला. १८४६ मध्ये मुंबईत हिब्रू आणि मराठी अशी 'हगादा', म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, निघाली. १८७४ ची सचित्र हगादा पुण्यात विठ्ठल सखाराम अग्निहोत्री यांच्या छापखान्यात छापली गेली. यहुदींची पवित्र पोथी एका अग्निहोत्र्याच्या छापखान्यातून बाहेर पडावी, ही महाराष्ट्राने अभिमानाने सांगावी अशी गोष्ट आहे. जोसेफ इझिकेल राजपूरकर (१८३४–१९०५) यांनी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. समाजाने स्वतःची कीर्तनेही रचली, आपल्याच कीर्तनाच्या घाटात. पिढ्यान् पिढ्या ओठांवर असलेल्या शब्दामागे कोणती अक्षरे आहेत, ते आता घराघरांत दिसू लागले. आणि ती दिसल्यावरही उच्चार बदलला नाही.

कागदावरचे नाव

उच्चाराइतकीच काळजी लेखनात घेतात. तोरा, म्हणजे मोशेच्या ग्रंथांची गुंडाळी, चर्मपत्रावर हाताने लिहिली जाते. चार अक्षरांपाशी आल्यावर लेखक थांबतो, हे पवित्र नाव आपण जाणीवपूर्वक लिहीत आहोत असे म्हणतो आणि मगच टाक चालवतो. त्या क्षणी राजाने अभिवादन केले तरी उत्तर देऊ नये, असा नियम आहे. इतर शब्द चुकला तर खरवडून दुरुस्त करता येतो. नाव खरवडता येत नाही, पुसता येत नाही. तिथे चूक झाली तर ते पानच बाजूला काढून ठेवतात.

जीर्ण झालेली, नाव असलेली पाने जाळत नाहीत, टाकत नाहीत. ती 'गनिझा' नावाच्या कोठीत साठवतात आणि दफनभूमीत पुरतात. कैरोच्या बेन एझ्रा प्रार्थनामंदिरात अशी कोठी शतकानुशतके भरत राहिली. सॉलोमन शेख्टर यांनी १८९६–९७ मध्ये तिथून केंब्रिजला नेलेल्या कागदांची संख्या दोन लाखांच्या आसपास आहे. देवाच्या नावाचा आणि हिब्रू लिपीचा मान म्हणून तिथे व्यापाऱ्यांची पत्रे आणि हिशेबही टाकले गेले. त्यांतच बाराव्या शतकात मंगळूरला राहून पितळेच्या वस्तू घडवून घेणारा अब्राहम बेन यीजू हा व्यापारी सापडला. आपल्या पश्चिम किनाऱ्याच्या मध्ययुगीन व्यापाराचे इतके जिवंत कागद आपल्याकडे कुठे उरले नाहीत. एका नावाविषयीच्या आदरामुळे ते परदेशात टिकले.

१९४८ नंतर बेने इस्राएलांतले बहुसंख्य इस्राएलला गेले. तिथे त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिकही चालवले. महाराष्ट्र शासनाने २०१६ मध्ये यहुदींना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा राज्यात ते काही हजारच उरले होते. अलिबाग, पनवेल, ठाणे, मुंबई आणि पुणे इथली प्रार्थनामंदिरे उभी आहेत, पण कुटुंबे निघून गेलेली घरे आणि पेट्या अनेक ठिकाणी मागे राहिल्या.

म्हणून वाचकांना दोन विनंत्या. पहिली लिहिणाऱ्यांना : यहुदींविषयी मराठीत लिहिताना, भाषण करताना किंवा शाळेत शिकवताना 'यहोवा' किंवा 'याहवे' हे त्यांच्या देवाचे नाव म्हणून सहज वापरू नका. 'परमेश्वर' म्हणा, 'अदोनाय' म्हणा. अभ्यासासाठी ती रूपे लागली तर ती अभ्यासाची आहेत हे सांगा. दुसरी सर्वांना : जुन्या वाड्याच्या माळ्यावर, लिलावात घेतलेल्या कपाटात किंवा रद्दीच्या ढिगात हिब्रू अक्षरांचे पुस्तक, गुंडाळी किंवा दाराच्या चौकटीवरची चर्मपत्राची नळी सापडली, तर ती फेकू नका आणि विकू नका. ठाण्याच्या 'शार हाशमाइम' किंवा पुण्याच्या 'ओहेल दावीद' प्रार्थनामंदिरात नेऊन द्या. त्या पानावर ती चार अक्षरे असण्याची शक्यता मोठी आहे, आणि त्यांचे पुढे काय करायचे हे तिथल्या लोकांना ठाऊक आहे.